तिसरा रकाना

या स्मरणिकेसाठी प्राथमिक विभागाच्या वतीने काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आम्हा शिक्षकांपुढे विषयांची उणीव नव्हती. स्नेहसंमेलने, क्रीडास्पर्धा, शिष्यवृत्ती परीक्षेतील यश यांविषयी या अंकात इतरत्र लिहिले जाईलच. आम्ही निवडली आहे ती एक साधी परिसर-सहल. तिसरी व चौथीच्या ४२ मुलामुलींना घेऊन बिडकीनच्या माळापासून पैठणच्या नाथसागरापर्यंत, गेल्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ती केली. अंतर पंचवीस-तीस किलोमीटरांचे, वेळ एका दिवसाचा, शिदोरी आपल्याच भोजनगृहातील. 'प्राण्यांची ओली व कोरडी वसतिस्थाने' हा तिचा विषय होता.

'ओले' आणि 'कोरडे' हे शब्द आमच्या मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाहीत; ती ते घरूनच घेऊन येतात. आपल्या वसतिगृहातील बहुसंख्य मुले कोरडवाहू शेतीच्या गावांतून आणि तांड्यांवरून आलेली आहेत. त्यांपैकी अनेकांचे आईवडील दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. ओला दुष्काळ, कोरडा दुष्काळ, कोरडवाहू, कोरडी भाकरी हे शब्द त्यांच्या घरात रोजचे आहेत. आपल्या भाषेनेही यात एक बाजू घेतलेली आहे. मायेला आपण ओलावा म्हणतो आणि वरवरच्या सांत्वनाला कोरडे शब्द म्हणतो. ओले ते जिवंत आणि कोरडे ते निर्जीव, असा भाव मनात नकळत रुजत जातो. मग कोरड्या मुलखातून आलेले मूल आपल्या गावाविषयी सांगू लागले, की त्याचे पहिले वाक्य असते, "आमच्याकडे काहीच नाही." मुलांना प्राण्यांची नावे कळावीत हा सहलीचा हेतू होताच, परंतु या 'काहीच नाही'ची एकदा मुलांच्याच डोळ्यांनी तपासणी व्हावी, ही आमची मोठी इच्छा होती.

सकाळी विहारात त्रिशरण-पंचशील झाल्यावर मुले वह्या घेऊन रांगेत उभी राहिली. प्रत्येक वहीत एका पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केलेले होते. एकावर 'ओले', दुसऱ्यावर 'कोरडे'. जो प्राणी दिसेल तो योग्य रकान्यात लिहायचा, एवढेच काम. नियम तीनच सांगितले. कोणत्याही प्राण्याला हात लावायचा नाही, दगड उचलला तर तो होता तसाच परत ठेवायचा, आणि घरटे किंवा बीळ दिसले तर दोन पावले मागे सरायचे. पहिल्या शीलाचा अर्थ रोज सकाळी म्हणणाऱ्या मुलांना यामागचे कारण वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

शाळेपासून अर्ध्या तासाच्या चालीवर जो माळ आहे, तो फेब्रुवारीत पाहणाऱ्याला खरोखरच रिकामा वाटतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत आटोपतो. त्यानंतर कुसळी गवत पिवळे पडते, बाभळी-बोरींच्या सावल्या विरळ होतात आणि कडेच्या काळ्या जमिनीला भेगा पडू लागतात. या भेगांपासूनच आम्ही धडा सुरू केला. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी मिळाले की फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून ती पावसाळ्यात पायाला धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. मुलांनी भेगेत डोकावून पाहिले. आत कोळ्याचे जाळे होते, एक विंचवाची कात होती आणि खोलवर कुठे तरी सळसळ झाली. वरून तापणाऱ्या जमिनीच्या आत सावली, गारवा आणि उरलासुरला ओलसरपणा असतो, आणि त्या भेगा ही कित्येक जिवांची घरे असतात, हे मुलांनी पाहिले. 'कोरडे' या रकान्यातील पहिल्या तीन नोंदी तेथेच झाल्या.

त्यानंतर माळ हळूहळू भरू लागला. एका बांधाच्या आडोशाला, जेथे पावसाचे थेंब पोचत नाहीत अशा भुसभुशीत मातीत, नरसाळ्याच्या आकाराचे बोटभर खड्डे होते. त्यांच्या तळाशी एक अळी दडून बसते आणि कडेवरून घसरून येणाऱ्या मुंगीला पकडते. माती ओली झाली तर तिचा हा सापळा उभाच राहू शकत नाही. "म्हणजे हिला पाऊस नको असतो?" असे एका मुलीने मोठ्या नवलाने विचारले. जिच्या घरी प्रत्येक प्रार्थना पावसासाठी असते, त्या मुलीला पाऊस नको असणारा जीव भेटला होता. पुढे डोंबारी चंडोलाची जोडी दिसली. नर पक्षी सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमिनीला टेकण्याआधी पुन्हा वर उसळतो. डोंबाऱ्याच्या खेळावरून त्याला हे नाव मिळाले. त्याला झाड लागत नाही. ढेकळाच्या आडोशाला जमिनीवरच तो घरटे करतो. दूर एका धनगराची मेंढरे चरत होती आणि त्यांच्या पायांनी उठणारे किडे टिपत कोतवाल पक्षी मेंढ्यांच्या पाठीवर बसून प्रवास करीत होता. तित्तिराची हाक ऐकू आली, तो दिसला मात्र नाही. ऐकलेला प्राणी वहीत लिहावा की नाही, यावर थोडा वाद झाला आणि लिहावा, असे ठरले.

एका वारुळापाशी पहिली अडचण उभी राहिली. वारूळ बाहेरून वीट भाजावी तसे टणक आणि कोरडे होते. परंतु वाळवीचे अंग अतिशय नाजूक असते, कोरड्या उघड्या हवेत ती फार काळ तग धरत नाही. म्हणून ती जमिनीच्या पोटातून ओल आणते, आतील दालने दमट राखते आणि तेथे आपल्या अन्नासाठी बुरशी वाढविते. हे सांगितल्यावर मुले पेन्सिल हातात धरून थांबली. वाळवी कोणत्या रकान्यात लिहायची? काहींनी 'कोरडे'मध्ये लिहिले, काहींनी 'ओले'मध्ये, आणि काहींनी रेघेवरच लिहिले.

दुसरी अडचण बोरीच्या झुडपाच्या खोडावर होती. बोटाच्या पेराएवढी एक गोगलगाय खोडाला चिकटून बसलेली होती आणि तिच्या शंखाचे तोंड कागदासारख्या पातळ पडद्याने बंद होते. "सर, ही मेली का?" चौथीतील एका मुलाने विचारले. ती मेलेली नव्हती. पाऊस संपला, की अशा गोगलगायी तोंडाशी पडदा विणून अंगातील ओल आत कोंडून घेतात आणि पुढच्या पावसापर्यंत निपचित राहतात. मुलाने लगेच पाण्याची बाटली पुढे केली. चार थेंब शिंपडून पाहू, असे त्याचे म्हणणे. आम्ही त्याला थांबविले. खोट्या पावसाने ती जागी झाली, तर महिनोन्‌महिने जपून ठेवलेली ओल ती खर्चून बसेल आणि खरा पाऊस येईपर्यंत तिच्यापाशी काही उरणार नाही. मुलाने बाटलीचे झाकण लावले, झुडपाशी तीन दगड रचून खूण केली आणि वहीत लिहिले, 'गोगलगाय. जूनमध्ये बघणे.' कोणत्या रकान्यात, ते त्याने लिहिले नाही.

दहाच्या सुमारास बसने पैठणची वाट धरली. या रस्त्याला लागून नाथसागराचे पाणी शहराकडे नेणारी जलवाहिनी जाते, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. एका ठिकाणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी पाणी पाझरून हातभर डबके झालेले होते. चहाच्या टपरीसाठी बस तेथेच थांबली आणि दहा मिनिटांत मुलांनी त्या डबक्यावर अकरा प्रकारचे प्राणी मोजले. चिमण्या, होले, मधमाश्या, पिवळी फुलपाखरे, एक कुत्रा, दोन शेळ्या. त्यांत एक कुंभारीणही होती. ही गांधीलमाशीच्या कुळातील माशी ओल्या मातीची गोळी तोंडात धरून नेते आणि कोरड्या भिंतीवर आपल्या पिल्लांसाठी मडके घडविते. मडके घडते ते ओल्या मातीने, टिकते ते कोरडे झाल्यावर. वाळवीनंतर रेघेवर बसलेला हा दुसरा जीव.

ढोरकीन, ईसारवाडी, पिंपळवाडी ओलांडून बस नाथसागरापाशी पोचली, तेव्हा बसमधील बडबड एकाएकी थांबली. ज्यांनी विहीर, हातपंप आणि टँकर एवढेच पाणी पाहिले होते, अशी बरीच मुले त्या बसमध्ये होती. समोर दुसरा काठ दिसतच नव्हता. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, २७ दरवाजे आणि मागे सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरांवर पसरलेले पाणी. प्रकल्प मूळ बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ योजलेला होता. जागा बदलली, नाव तेच राहिले. जलाशय विस्ताराने मोठा, परंतु काठाकडे उथळ आहे, आणि हीच गोष्ट पक्ष्यांना मानवते. १९८६ साली त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला.

काठावर मुलांचे काम सोपे होईल, असे वाटत होते. येथे सर्व काही 'ओले'. शेकाट्या आपल्या काटकुळ्या लाल पायांवर उथळ पाण्यात चालत होता. काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी पक्षी थव्याने पोहत होते. पैठणला वारकरी भेटणारच, असे आमच्यातील एक शिक्षक म्हणाले आणि मुले हसली. दूर पाण्याच्या कडेला गुलाबी रेघ दिसत होती. दुर्बिणीतून पाहिल्यावर ती हलू लागली. ते रोहित पक्षी होते, चोच उलटी धरून चिखलपाण्यातून आपले अन्न गाळून घेणारे. शाळेच्या दोनच दुर्बिणी असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिनिट आला. तो अर्धा मिनिट कोणीही वाया घालविला नाही.

परंतु पाणकावळ्याने पुन्हा पेच टाकला. एका बुडालेल्या झाडाच्या सुक्या फांदीवर तो पंख पसरून बसला होता. बदकांच्या मानाने त्याची पिसे लवकर भिजतात, म्हणून त्याला बुडी खोल मारता येते. आणि भिजतात म्हणूनच प्रत्येक बुडीनंतर त्याला कोरडी जागा, ऊन आणि वारा लागतो. पाण्यावाचून त्याचे पोट भरत नाही आणि कोरड्यावाचून त्याचे पंख चालत नाहीत. जवळच खंड्या बसला होता. मासे खाणारा हा पक्षी नाकतोडे आणि सरडेही खातो आणि घर करतो ते मातीच्या कोरड्या दरडीत बीळ कोरून. नदी सुरय दिवसभर पाण्यावर उडतो, पण अंडी घालतो ती उघड्या वाळूच्या बेटावर. आणि सकाळी माळावर जिने आमच्यावर ओरडून आकाश डोक्यावर घेतले होते, ती टिटवी येथेही हजर होती. टिटवी गोट्यांच्या आडोशाला उघड्या जमिनीवर अंडी घालते. कडक उन्हात ती पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवून परत येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. माळरानावरील पखुर्डीचा नर तर पोटाच्या पिसांत पाणी शोषून घेऊन मैलोगणती उडतो आणि तहानलेली पिल्ले त्या पिसांतून पाणी चोखतात. हे ऐकून मुले गप्प झाली. डोक्यावर हंडे घेऊन पाणी वाहणाऱ्या आया त्यांनी पाहिलेल्या होत्या.

दुपारी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाताना पट्टकादंबांचा थवा डोक्यावरून गेला. डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे असलेले हे हंस उन्हाळ्यात तिबेट, मंगोलिया या प्रदेशांत राहतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. दिवसा ते पाण्याच्या आश्रयाने विसावतात आणि अंधार पडल्यावर काठच्या शेतांत चरायला जातात. ते केव्हा येतात आणि केव्हा जातात, असे एका मुलीने विचारले. दिवाळीनंतर येतात आणि मार्चमध्ये जाऊ लागतात, असे आम्ही सांगितले. ती थोडा वेळ हिशेब करीत राहिली आणि म्हणाली, "आमचे आईबाबा जातात तेव्हा हे येतात. हे गेले की आईबाबा येतील." तिच्या आवाजात दुःख नव्हते, एक गणित सुटल्याचा आनंद होता. त्यानंतर ती काठावरच बसून राहिली आणि थव्यातील पक्षी मोजू लागली.

तेथेच एका मुलाने विचारले, "सर, हे पाणी कोणाचं?" काठावर त्या वेळी एका भोयाचा तराफा होता, म्हशी डुंबत होत्या, बगळे त्यांच्या मागे फिरत होते आणि दूर पंपांची घरघर चालू होती. आमच्या शाळेत हा प्रश्न पुढे ढकलता येत नाही. १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याची हकिकत मुलांना माहीत होती. आम्ही त्यांना आपल्याच जिल्ह्यातील एक हकिकत सांगितली. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळ पाहण्यासाठी निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर आले. प्रवासाने धुळीने माखलेली ती मंडळी प्रवेशद्वाराजवळच्या लहानशा हौदावर हातपाय धुऊ लागली, तोच पाणी बाटविले म्हणून आरडाओरड झाली. पुढे किल्ला पाहताना त्यांनी कोठेही पाण्याला हात लावू नये, यासाठी पहारेकरी सोबत देण्यात आला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. मुलांनी समोरच्या काठाकडे पाहिले. पक्षीही जागेसाठी भांडतात, एकमेकांना हुसकावतात, हे त्यांनी सकाळपासून पाहिलेच होते. परंतु तुझा जन्म अमक्या अंड्यातून झाला म्हणून तू पाणी पिऊ नकोस, असे कोणताही पक्षी दुसऱ्याला सांगत नव्हता. ज्यांच्या नावाने हा जलाशय ओळखला जातो, त्या संत एकनाथांनी काशीहून वाहून आणलेले पाणी वाटेतल्या तहानलेल्या गाढवाला पाजले, ही आख्यायिकाही आम्ही तेथे सांगितली. एका जलाशयाच्या काठी या दोन्ही गोष्टी मुलांच्या मनात शेजारी शेजारी राहाव्यात, असे आम्हाला वाटले.

परत निघण्यापूर्वी पाण्याखालच्या जमिनीविषयीही बोलणे झाले. हा जलाशय भरण्याआधी येथे शेते होती, वाड्या होत्या, देवळे होती. अनेक गावांना उठून दुसरीकडे जावे लागले. आमच्यातील एका मुलाच्या पणजोबांचे शेत त्या पाण्यात आहे. आजचे 'ओले' हे कालचे कोणाचे तरी 'कोरडे' आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की उघड्या पडलेल्या गाळात लोक पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात; म्हणजे एकच जमीन वर्षातून काही महिने माशांची असते आणि काही महिने माणसांची. जलाशयाची एकूण साठवण सुमारे १०२ टीएमसी आहे. त्यांपैकी तळाच्या सुमारे २६ टीएमसी पाण्याला अभियंते मृत साठा म्हणतात, कारण ते नेहमीच्या मार्गाने बाहेर काढता येत नाही. २०१३ आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत वरचा साठा संपला आणि या मृत साठ्यावरच शहरांची तहान भागली. मासे, कासवे आणि काठचे पक्षी यांनाही त्या महिन्यांत तेवढेच पाणी उरले होते. मुलांना ही गोष्ट फार महत्त्वाची वाटली. ज्याला मृत म्हणतात ते पाणी जगवीत होते आणि जी मेली असे वाटले ती गोगलगाय जिवंत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात वह्या एकत्र केल्या. प्रत्येक वहीत रेघेवर, रेघेखाली आणि कोपऱ्यांत कोंबलेली नावे होती. बऱ्याच चर्चेनंतर मुलांनी फळ्यावर तिसरा रकाना आखला आणि त्याला 'दोन्हीचे' असे नाव दिले. वाळवी, कुंभारीण, गोगलगाय, टिटवी, पाणकावळा, खंड्या, नदी सुरय, पट्टकादंब. बेडूक तर होताच. आणि ओढ्याच्या काठी खोल बिळात उन्हाळा काढणारा खेकडा मुलांनी घरच्या अनुभवावरून घातला. तास संपला तेव्हा तिसरा रकाना पहिल्या दोहोंपेक्षा लांब झालेला होता. सर्वांत शेवटी, पक्षी मोजीत बसलेल्या त्या मुलीने खडू घेऊन लिहिले, 'ऊसतोडीला जाणारे'. कोणी हसले नाही. जलचर, भूचर आणि उभयचर हे पुस्तकातील वर्गीकरण उपयोगाचेच आहे. त्यावरूनच मुले येथवर आली. त्या वर्गीकरणाला वर्षाचे बारा महिने जोडून पाहण्याचे काम मात्र त्यांनी स्वतः केले.

जूनमध्ये शाळा उघडली. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला आणि पाचवीत गेलेला तो मुलगा वर्गशिक्षकांना घेऊन माळावर गेला; मागोमाग अर्धी शाळाच गेली. त्याची तीन दगडांची खूण जागेवर होती. गोगलगाय खोडावर नव्हती. पडद्याची पांढरी कड तेवढी तेथे चिकटून होती, आणि खाली ओल्या गवतात बऱ्याच गोगलगायी आपल्या चकचकीत रेघा मागे टाकीत निघाल्या होत्या. त्यांतली ती कोणती, हे सांगता येणे शक्य नव्हते. लाल मखमलीचे मृगाचे किडे जमिनीवर आले होते. मागच्या पायांवरील फावड्यासारख्या उंचवट्याने माती उकरीत उलटा जमिनीत शिरून ज्याने उन्हाळा काढला, तो बेडूक डबक्याकाठी बसून ओरडत होता. भेगा मिटल्या होत्या. मुलांनी एक पाऊल टाकताना तीनदा खाली पाहिले.

त्या दिवशी परतताना वर्षावासाचा विषय आपोआप निघाला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू एका जागी राहतात, हे आमच्या मुलांना ठाऊक असते. त्यामागील कारण मात्र अनेकदा सांगायचे राहते. पावसाळ्यातही फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली कोवळे गवत आणि लहान लहान जीव तुडविले जातात, पक्षीसुद्धा या दिवसांत घरटे करून एका जागी राहतात, अशी तक्रार लोकांनी केली. त्यावरून भगवान बुद्धांनी हा नियम घालून दिला, असे विनयपिटकात आलेले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो नियम मुलांनी त्या दिवशी आपल्या पायांनी अनुभवला होता. त्यावर आम्हाला फारसे काही बोलावे लागले नाही.

आता थोडे या माळाविषयी. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद 'पडीक' किंवा 'पोटखराबा' अशी असते. बिडकीन परिसरात दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेसाठी तीन हजार हेक्टरांहून अधिक जमीन उद्योगनगरीसाठी घेण्यात आली आहे; रुंद रस्ते झाले आहेत आणि कारखाने उभे राहत आहेत. त्याविषयी आमच्या मनात आकस नाही. दरवर्षी कोयता घेऊन परमुलखात जाणाऱ्या आईवडिलांना गावाजवळ काम मिळाले, तर आमच्या वसतिगृहातील कित्येक मुलांची दिवाळी वेगळी होईल आणि आम्हाला ती हवीच आहे. आमचे म्हणणे एवढेच, की जमिनीचे कागद करताना 'येथे काहीच नाही' हे वाक्य कोणी लिहू नये. कारखान्याच्या कुंपणाच्या आत चार एकर गवत कापल्याविना, झाडे लावल्याविना, आहे तसे राहू दिले, तरी डोंबारी चंडोल आणि टिटवी तेथे अंडी घालतील. माळाला माळ म्हणूनच राखणे हेही एक प्रकारचे संवर्धन आहे. आणि ते करणारी माणसे उद्या याच मुलांतून त्या कारखान्यांत नोकरीला जाणार आहेत.

तीन रकान्यांची ती वही आम्ही शिवून शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. तिच्यात दर महिन्याला एक वर्ग नोंदी करतो. आजवर दोनशेहून अधिक नोंदी झाल्या असून शेवटची नोंद परवाची, वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीखाली सापडलेल्या बेडकाची आहे. या स्मरणिकेचे वाचन करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना प्राथमिक विभागाची एक विनंती आहे. आपल्या गावी, शेताच्या बांधावर, तांड्यामागील माळावर किंवा ऊसतोडीच्या फडात जो प्राणी दिसेल, त्याचे नाव, दिवस आणि जागा आम्हाला पत्राने कळवावी. नाव ठाऊक नसल्यास वर्णन चालेल. रकाना मुले ठरवतील.